शंभर वर्षांपूर्वीच्या विजेच्या मोटारी गेल्या कुठे? एका बॅटरीवाल्याचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे : १९०० च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींपेक्षा जास्त होत्या, असे म्हणतात. मग त्या गेल्या कुठे? तेलवाल्यांनी मारल्या का? पहिली कोणी बनवली? आणि एका चार्जिंगवर दोनशे मैल जाणारी गाडी तेव्हाच होती, हे खरे का?

मी इतिहासाचा माणूस नाही. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत फोर्कलिफ्टच्या आणि स्टॅकरच्या (दोन्ही माल उचलून ठेवणारी यंत्रे) बॅटऱ्या बसवायच्या, दुरुस्त करायच्या आणि मेल्या की त्या कशाने मेल्या ते शोधायचे, हे माझे एकतीस वर्षांचे काम. जुन्या विजेच्या मोटारींबद्दल वाचायला लागलो तो त्यामुळेच. त्या गाड्यांत बसायची ती शिशाची बॅटरी आणि मी रोज उघडतो ती, या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. म्हणून हे उत्तर गाडीच्या बाजूने कमी आणि बॅटरीच्या बाजूने जास्त आहे.

आधी तो आकडा. १९०० मध्ये अमेरिकेत एकूण ४,१९२ मोटारी बनल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि ९३६ पेट्रोलच्या. म्हणजे विजेच्या गाड्या पेट्रोलपेक्षा जास्त होत्या हे बरोबर, पण पहिला नंबर वाफेचा होता, हे सांगायचे बहुतेक जण विसरतात. शिवाय सगळ्या मिळून चार हजार गाड्या म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या कारखान्याचा आठवड्याभराचा माल. त्या वर्षी कोणी जिंकले नव्हते की हरले नव्हते. शर्यत सुरूही झाली नव्हती, घोडे नुसते मैदानात आणून उभे केले होते.

आता पहिली कोणाची. याला एक नाव देणारा माणूस भेटला तर त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. अमेरिकेत व्हर्माँटचा लोहार थॉमस डॅव्हेनपोर्ट याने १८३० च्या दशकातच विजेची मोटर बनवून छोट्या गोल रुळांवर खेळण्याएवढी गाडी फिरवली होती. १८३७ मध्ये त्याला पेटंटही मिळाले. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनच्या रॉबर्ट डेव्हिडसनने १८४२ मध्ये विजेचे इंजिन खऱ्या रेल्वेमार्गावर चालवून दाखवले, वेग माणसाच्या चालीएवढा, ताशी चार मैल. पण या सगळ्यांत एक मेख होती. त्यांच्या बॅटऱ्या पुन्हा चार्ज होणाऱ्या नव्हत्या. आत जस्ताच्या पट्ट्या. वीज निघाली की जस्त खाल्ले जायचे, आणि ते संपले की नवीन घाला. म्हणजे जस्त जाळून गाडी चालवायची. कोळसा त्याच्या कितीतरी पट स्वस्त होता, त्यामुळे तो खेळ तिथेच थांबला.

खरी सुरुवात १८५९ ची. फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले, गंधकाम्लात बुडवले आणि त्यातून वीज सोडली. ही बॅटरी रिकामी झाली की पुन्हा भरता यायची. अडचण एवढीच की पत्र्यावर कामाचा थर धरेपर्यंत तिला महिनोन् महिने चार्ज-डिस्चार्ज करत बसावे लागे. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लगदा करून तो थेट प्लेटवर थापला, आणि काम सोपे झाले. आमच्याकडे आजही पेस्टेड प्लेट म्हणतात ती हीच. आपल्याला ओळखीचे ‘एक्साइड’ हे नावसुद्धा तिथूनच आले. फिलाडेल्फियाच्या एका बॅटरी कंपनीने १९०० मध्ये ‘एक्सलंट ऑक्साइड’ चे लघुरूप करून ते ठेवले. सगळा जोर त्या ऑक्साइडवर होता आणि सगळे दुखणेही त्याच्यातच होते. त्याच्याकडे पुढे येतो.

तर १८८१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या गुस्ताव त्रुवेने इंग्लंडहून आणलेल्या तीनचाकी सायकलला विजेची मोटर आणि पुन्हा चार्ज होणारी बॅटरी जोडून ती रस्त्यावर चालवली. चार्ज होणारी बॅटरी, रस्ता आणि वर बसलेला माणूस या तीन अटी धरल्या तर माझे मत त्रुवेला. बेंझची पेट्रोलची तीनचाकी यायला तेव्हा अजून पाच वर्षे होती. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम एर्टन आणि जॉन पेरी या दोन प्राध्यापकांनी आपली तीनचाकी काढली आणि तिला विजेचे दिवेही लावले. वेग वाढवायचा तर एकामागून एक सेल जोडत जायचे, एवढी साधी युक्ती. जर्मन माणूस १८८८ च्या कोबुर्गच्या आंद्रेआस फ्लॉकेनचे नाव घेईल. त्याची गाडी चारचाकी होती. अमेरिकन माणूस आयोवातल्या डे मॉइनच्या विल्यम मॉरिसनचे घेईल. ज्याच्या त्याच्या घरचा गणपती.

या गाड्या लोकांना आवडत होत्या, आणि उगाच नाही. पेट्रोलचे इंजिन तेव्हा हँडल मारून चालू करावे लागे. हँडल उलटे फिरले की मनगट गेले. गिअर बदलताना दात घासायचे, धूर आणि वास वेगळाच. वाफेच्या गाडीत पाणी तापायची वाट पाहायची. विजेच्या गाडीत बसले, दांडी सरकवली की निघाली. क्लच नाही, गिअर नाही. वेग बदलायला ड्रायव्हरच्या हाताशी एक ड्रम कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची जोडणी बदलणारा फिरता खटका, असे. समजा बॅटरीचे दोन गट आहेत. दोन्ही पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, जोडले की मोटरला निम्मा व्होल्टेज, गाडी हळू. सिरीज, म्हणजे एकामागे एक, जोडले की पूर्ण व्होल्टेज, गाडी जोरात. मी या धंद्यात आलो तेव्हा काही जुन्या फोर्कलिफ्टमध्ये अशीच जोडणी पाहिली आहे. कॉन्टॅक्ट जळले की पॉलिश पेपर मारायचा, संपला विषय.

वेगातही विजेची गाडी पुढे होती. १८९८ च्या डिसेंबरात पॅरिसजवळ आशेर इथे शासलू-लोबा नावाच्या उमरावाने जांतोच्या विजेच्या गाडीत ताशी ६३ किलोमीटर गाठले. मग बेल्जियमचा लाल दाढीवाला कामीय जेनात्झी त्याच्या मागे लागला. चार महिने दोघांची चुरस चालली, आणि २९ एप्रिल १८९९ रोजी जेनात्झीने ‘ला जामे काँतांत’ नावाच्या गाडीतून ताशी १०५.८८ किलोमीटर गाठले. नावाचा अर्थ ‘कधीच समाधान नसलेली’. तोफगोळ्यासारखे अंग, त्यातून कमरेच्या वर पूर्ण बाहेर आलेला ड्रायव्हर. शंभरचा आकडा मोटारीने ओलांडला तो असा, विजेवर. गाडी साधारण दीड टनाची, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास वजन बॅटऱ्यांचे.

पण हे अंतर होते एका किलोमीटरचे. इथे बॅटरीवाल्याने तोंड उघडायला हवे. १८९७ मध्ये विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने एक नियम मांडला, तो आम्ही आजही रोज वापरतो. शिशाच्या बॅटरीतून जितक्या जोरात करंट ओढाल तितकी तिची एकूण पुंजी कमी भरते. पाच तासांत सावकाश रिकामी केली तर शंभर अँपिअर-अवर (बॅटरीच्या पुंजीचे माप) देणारी बॅटरी तासाभरात रिकामी करायला गेलात तर साठ-पासष्टवरच मान टाकते. भरलेल्या माठातून वाटीने पाणी काढले तर सगळे मिळते. माठ एकदम पालथा केला तर निम्मे सांडते, तसे काहीसे. जेनात्झीला एकच किलोमीटर पळायचे होते, त्याला चालले. रोज धंदा करणाऱ्या टॅक्सीला ते चालणारे नव्हते.

आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म त्या टॅक्सीतच आहे.

फिलाडेल्फियात हेन्री मॉरिस आणि पेड्रो सॅलॉम या जोडीने १८९४ मध्ये ‘इलेक्ट्रोबॅट’ ही विजेची गाडी बनवली. पुढे १८९७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये विजेच्या डझनभर घोडागाड्या आणल्या. घोडागाड्याच म्हणतो, कारण घोडा सोडला तर बाकी रूप तेच : ड्रायव्हर मागे उंचावर, प्रवासी पुढे. त्याच वर्षी आयझॅक राइस याने धंदा विकत घेऊन ‘इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी’ काढली. राइस हा वर सांगितलेल्या फिलाडेल्फियाच्या बॅटरी कंपनीचा अध्यक्ष. म्हणजे बॅटरी बनवणारा तोच आणि वापरणाराही तोच. कंपनी गाड्या विकत नव्हती, भाड्याने देत होती. आणि बॅटरी गाडीत चार्ज करतच नव्हती. ब्रॉडवेवरच्या तिच्या स्टेशनात गाडी ठरलेल्या जागी उभी केली की यंत्राने अर्ध्या टनाहून जड बॅटरीचा ट्रे बाहेर ओढायचा, क्रेनने उचलून चार्जिंगच्या रांगेत ठेवायचा आणि भरलेला ट्रे आत सरकवायचा. सगळे काही मिनिटांत. आज बॅटरी बदलून देणाऱ्या रिक्षांच्या आणि स्कूटरच्या बातम्या वाचून लोक ‘काय आयडिया आहे’ म्हणतात, तेव्हा मला हे स्टेशन आठवते.

या टॅक्सींच्या नावावर दोन नोंदी आहेत, एक गमतीची आणि एक वाईट. २० मे १८९९ रोजी जेकब जर्मन नावाच्या त्यांच्या ड्रायव्हरला लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर ताशी १२ मैल या ‘बेफाम’ वेगासाठी अटक झाली. पकडणारा पोलीस सायकलवर होता. आणि त्याच वर्षी १३ सप्टेंबरला हेन्री ब्लिस हा गृहस्थ ट्राममधून उतरताना विजेच्या टॅक्सीखाली आला आणि दुसऱ्या दिवशी गेला. मोटारीच्या अपघातात मेलेला अमेरिकेतला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद आहे. अशा नोंदींत लंडन दोन वर्षे पुढे होते. तिथे वॉल्टर बर्सीच्या विजेच्या टॅक्सी १८९७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्या. आवाजावरून लोक त्यांना ‘हमिंगबर्ड’ म्हणत. महिना व्हायच्या आत, १० सप्टेंबरला, त्यांतल्या एकीचा ड्रायव्हर जॉर्ज स्मिथ दारू पिऊन न्यू बाँड स्ट्रीटवरच्या एका इमारतीला धडकला. दंड २५ शिलिंग. दारू पिऊन मोटार चालवल्याची पहिली शिक्षा, तीही विजेच्या मोटारीवर.

असो. धंद्याचे काय झाले? १८९९ मध्ये ट्रामच्या धंद्यात बक्कळ पैसा केलेला विल्यम व्हिटनी आणि सायकली बनवणारा अल्बर्ट पोप हे दोघे राइसच्या कंपनीत उतरले. बेत असा की डझनाच्या शेकडो आणि शेकड्याच्या हजारो गाड्या करायच्या आणि एकेक शहर घ्यायचे. बॉस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया इथे शाखा निघाल्या. आणि दोन-तीन वर्षांतच एकेक शाखा बसत गेली. शेअर बाजारातले व्यवहार स्वच्छ नव्हते, वर्तमानपत्रांनी ते बाहेर काढले, लोकांनी ‘लेड कॅब ट्रस्ट’, म्हणजे शिशाच्या टॅक्सींची मक्तेदारी, असे टोपणनाव ठेवले. पण मला विचाराल तर मरण त्याच्या आधीच ओढवले होते. न्यूयॉर्कच्या पहिल्या स्टेशनात बॅटरी ओळखणारी माणसे होती. नव्या शहरांत गाड्या पोचल्या, माणसे पोचली नाहीत.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो ते सांगतो. शिशाच्या ट्रॅक्शन (गाडी ओढणाऱ्या) बॅटरीला रोजची निगा लागते. चार्जिंग संपल्यावर डिस्टिल्ड वॉटर घालायचे, आधी नाही. आधी घातले तर चार्ज होताना पातळी वर येते आणि ॲसिड सांडते. हायड्रोमीटरने सेलागणिक ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, बघायची. एखादा सेल मागे राहिला तर इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे सगळे सेल सारखे भरेपर्यंत जादा चार्ज, द्यायचा. रिकामी बॅटरी रात्रभर तशीच ठेवायची नाही, ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरते आणि मग ते सुटत नाही. वर टर्मिनलवर थर साचला की पुसायचा. यातले एकही काम अवघड नाही. पण रोज करायचे असते, आणि ते न केल्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातून फोन आला. चार-पाच वर्षे सहज जायला हवी होती ती बॅटरी अकराव्या महिन्यात बसली होती, आणि साहेब म्हणत होते की माल खराब दिला. मी झाकणे उघडली. प्लेटांचे वरचे काठ पांढरे पडलेले, तळाशी बोटभर गाळ. चौकशी केली तेव्हा कळले, रात्रपाळीचा मुलगा चार्जिंगला लावण्याआधी नळाचे पाणी काठोकाठ भरत होता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्या मुलाचा दोष नाही; बॅटरी हे घरातले दिव्याचे बटण आहे असे समजून त्याच्या हातात दिली होती.

आता १९०० ची बॅटरी डोळ्यांसमोर आणा. प्लेटवर नुसता थापलेला लगदा. खाली दगडी फरशीचा रस्ता, टॅक्सीला जेमतेम स्प्रिंग, गाडी दोन टनांच्या घरात. प्रत्येक खड्ड्याला लगदा थोडा सुटतो, तळाशी गाळ होऊन बसतो, गाळ प्लेटांच्या खालच्या काठाला टेकला की सेल आतल्या आत शॉर्ट. बर्सीची कंपनी १८९९ मध्ये बंद पडली, त्यामागे अशा झिजणाऱ्या प्लेटा आणि वजनाखाली फाटणारे टायर हे दोन खर्च मोठे होते.

दुसरी गोष्ट वजनाची. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२,००० वॉट-अवर ऊर्जा असते. त्या काळच्या इंजिनाने त्यातली दहा टक्केच कामाला लावली असे धरा, तरी १,२०० झाली. तेव्हाची शिशाची बॅटरी किलोला साधारण वीसच्या आसपास द्यायची. म्हणजे एका किलो पेट्रोलच्या बरोबरीला साठ किलो बॅटरी. फर्डिनांड पोर्शेने १९०० च्या सुमारास चाकातच मोटर बसवलेली गाडी केली, तीही शेवटी याच भिंतीला धडकली. तिच्या चार मोटरींच्या एका आवृत्तीत बॅटरीच १,८०० किलोची होती! मग त्याने गाडीवरच इंजिन आणि जनरेटर बसवून पाहिला. आज त्याला हायब्रिड म्हणतात.

आता तेलवाल्यांचा प्रश्न. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण तिच्यात एक खलनायक आहे. पण त्या काळापुरते पाहिले तर नाटक उलटेच घडले. जॉर्ज सेल्डन नावाच्या वकिलाने १८७९ मध्ये पेट्रोल मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि तो मुद्दाम लांबवत ठेवून १८९५ मध्ये पेटंट पदरात पाडून घेतले. ते पेटंट १८९९ मध्ये कोणी घेतले? विजेच्या टॅक्सीवाल्या त्याच इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीने! १९०३ पासून अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या पेट्रोल मोटार कारखान्यांनी संघ करून प्रत्येक गाडीच्या किमतीवर सव्वा टक्का रॉयल्टी भरायला सुरुवात केली, आणि त्यातला वाटा या विजेच्या कंपनीकडे जात होता. म्हणजे विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीकडून खंडणी घेत होती. हेन्री फोर्डने ती द्यायला नकार दिला, खटला लढला, आणि १९११ च्या जानेवारीत वरच्या कोर्टात जिंकला. तोवर विजेच्या टॅक्सींची ती कंपनी १९०७ मध्येच बुडाली होती.

दुसरी लाडकी गोष्ट सेल्फ-स्टार्टरची. कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, हँडल गेले, आणि विजेच्या गाडीचे मोठे भांडवल संपले, असे लिहिलेले असते. यात तथ्य आहे. केटरिंगची युक्ती मला फार आवडते. तो आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रांच्या कंपनीत होता, आणि गल्ल्याला बसवलेली मोटर क्षणभरच चालायची असते हे त्याला ठाऊक होते. मग क्षणभर तिच्यावर कितीही भार टाका, जळायच्या आत काम झालेले असते. स्टार्टरला तेच लागते. पॉयकर्टच्या नियमाने शिशाच्या बॅटरीचे जे वैगुण्य, ते इथे आडवे आलेच नाही, कारण काम दोन-चार सेकंदांचे. विजेच्या गाडीची बॅटरीच पेट्रोलच्या गाडीत शिरली आणि तिथे सुखाने नांदली.

पण एवढ्यानेच सगळे झाले असते तर फोर्डची मॉडेल टी खपलीच नसती. ती १९०८ मध्ये ८५० डॉलरला आली आणि १९१९ पर्यंत हँडलच मारावे लागे. तरी लाखांनी गेली. १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली आणि किंमत उतरतच गेली. १९२५ मध्ये सर्वांत स्वस्त मॉडेल २६० डॉलरला मिळत होते. विजेच्या गाड्या उलट्या दिशेने गेल्या. काचेची खोली, मखमली बैठक, फुलदाणी. १९१२ च्या सुमारास विजेची साधी दोन माणसांची गाडीही १,७५० डॉलरच्या घरात होती. त्या ‘बायकांच्या गाड्या’ म्हणून विकल्या गेल्या. फोर्डची बायको क्लॅरा हीसुद्धा डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी चालवायची, नवऱ्याची मॉडेल टी नव्हे. पण ‘बायकांची’ असा शिक्का बसल्यावर पुरुष गिऱ्हाईक लांब गेले, ही विक्रेत्यांनी स्वतःच्या पायावर मारलेली कुऱ्हाड.

आणि चार्जिंग कुठे करणार? हा भाग लोक पटकन ओलांडतात, मला तो सगळ्यात मोठा वाटतो. बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, लागतो. शहरांच्या मध्यभागी तेव्हा डीसी मिळे, पण उपनगरांत एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारा करंट, पसरत होता. मग घरी आधी एसी मोटरने डीसी जनरेटर फिरवायचा किंवा पारा भरलेली काचेची रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी) बल्ब बसवायची. ही बल्ब पीटर कूपर हेविटने १९०२ मध्ये काढली. चालू असताना निळसर-जांभळी चमकायची. श्रीमंताच्या गॅरेजमध्ये ते शोभून दिसे. पण अमेरिकेतल्या निम्म्या घरांत वीज पोचायलाच १९२५ च्या आसपासचा काळ उजाडला, आणि खेड्यांत तर त्याही नंतर. पेट्रोल मात्र किराणा दुकानात डब्यात मिळायचे. १९०१ च्या जानेवारीत टेक्ससमध्ये स्पिंडलटॉपची विहीर उसळल्यावर तेलाचा तुटवडाही राहिला नाही. शेतकऱ्याने मॉडेल टी घेतली त्यात कसलाही कट नव्हता. त्याच्या गोठ्यात दिव्याला वीज नव्हती, गाडीला कुठून आणणार?

एडिसनचे नाव आल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. त्याला शिशाची चीड होती. त्याने निकेल-लोखंडाची बॅटरी काढली, गाजावाजा करून विकली. सेल गळायला लागले, पुंजी झपाट्याने घटू लागली, आणि १९०४ मध्ये त्याला माल परत घ्यावा लागला. मग पाच वर्षे पुन्हा काम करून १९०९ मध्ये त्याने सुधारलेली आणली, आणि ती खरोखर चिवट निघाली. रिकामी ठेवा, जास्त चार्ज करा, आपटा, काही होत नाही. माझ्या रात्रपाळीच्या मुलासाठीच बनवली असावी. पण सेलामागे शिशाचे दोन व्होल्ट, हिचे जेमतेम सव्वा, थंडीत ही गारठून बसायची, आणि किंमत! डेट्रॉइट इलेक्ट्रिकला एडिसनची बॅटरी हवी तर ६०० डॉलर जादा मोजावे लागत. १९१३ च्या आसपास तेवढ्यात अख्खी मॉडेल टी येत होती.

आता माझा मुद्दा पडताळून बघायचा तर विजेच्या गाड्या कुठे टिकल्या ते पाहा. कनेटिकटमध्ये हार्टफर्डच्या वीज कंपनीने ट्रकसाठी एक योजना काढली : ट्रक बॅटरीविना घ्या, बॅटरी आमची; मैलामागे ठरलेला दर आणि महिन्याचे शुल्क द्या; बॅटरीची सगळी निगा आम्ही राखू. १९२४ पर्यंत या योजनेतल्या ट्रकांनी ६० लाख मैलांहून जास्त धाव घेतली. ब्रिटनमध्ये दूधवाल्यांच्या विजेच्या गाड्या तर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पहाटे गल्लोगल्ली फिरत होत्या. दोन्ही ठिकाणी रस्ता रोजचा, वेग कमी, थांबे भरपूर, आणि रात्री गाडी डेपोत परत, जिथे बॅटरी ओळखणारा माणूस बसलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पेट्रोल मिळेना तेव्हा विमाने बनवणाऱ्या कारखान्यातल्या लोकांनी १९४७ मध्ये ‘तामा’ नावाची विजेची मोटार काढली. ती टॅक्सीत चालली, आणि तिच्या पोटातले बॅटऱ्यांचे खण बाहेर ओढून बदलता येत. कोरियाच्या युद्धात शिशाचा भाव चढला आणि तीही थांबली. मुंबईची विजेची ट्राम ७ मे १९०७ ला सुरू झाली ती १९६४ पर्यंत धावली, कारण तिला बॅटरी नव्हतीच, डोक्यावर तार होती. वाहन तेच, मोटर तीच, फक्त मधला तो शिशाचा डबा गाळला.

राहिला शेवटचा प्रश्न, दोनशे मैलांचा. हो, खरे आहे. डेट्रॉइट इलेक्ट्रिकने एका चाचणीत एका चार्जिंगवर २११.३ मैल, म्हणजे ३४० किलोमीटर काटले होते. पण असा आकडा कसा वाचायचा ते सांगतो. गाडीचा सर्वाधिक वेगच ताशी वीस मैलांच्या आसपास, म्हणजे करंट सावकाश ओढलेला, म्हणजे पॉयकर्ट खूश. चाचणीला नेलेली बॅटरी धडधाकट, निगा चोख, चालवणारा जाणता. आमच्याकडेही नव्या स्टॅकरचा डेमो असाच असतो. पहिल्या दिवशी दोन पाळ्या सलग चालतो आणि साहेब लगेच ऑर्डर देतात. कंपनी स्वतः गिऱ्हाइकाला सांगायची ते ८० मैल. बॅटरी दोन हिवाळे जुनी झाली, मालकाने पाणी घालायचे दोनदा विसरले, वाटेत चढ लागला, की त्यातले किती उरायचे ते मालकाला गाडी भर रस्त्यात थांबल्यावरच कळायचे.